स्केल मॉडेलवरील लेखासाठी अपरिचित विषय कसा निवडावा

दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर व मेसरश्मिट १०९ ही विमाने आणि टायगर रणगाडा यांच्या स्केल मॉडेलांवर, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृतींवर, आजवर इतके बारकाईने लिहिले गेले आहे की नव्या लेखकाला त्यात भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. मात्र केवळ दुर्मीळ आहे म्हणून एखादे विमान निवडले, तर माहितीअभावी लेख अर्ध्यावरच अडतो. ज्याच्यावर इतरांनी फारसे लिहिलेले नाही, पण ज्याची मूळ वस्तू, मापे आणि त्या काळातील छायाचित्रे आपल्या आवाक्यात आहेत, असा विषय शोधावा. त्यामुळे कोणते किट (सुटे भाग जोडून मॉडेल बांधण्याचा संच) मिळते याच्याही आधी, आपल्याला काय जवळून पाहता येईल याचा विचार करावा.

या बाबतीत आपल्याकडचे मॉडेलकार खरोखर भाग्यवान आहेत. गोव्यात दाबोळी येथील नौदल विमान संग्रहालयात विमानवाहू नौकेवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे ही विमाने, तसेच शॉर्ट सीलँड हे उभयचर विमान आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मारुत’ हे लढाऊ विमान उभे आहे. युरोपातील लेखकाला ज्यासाठी विमानप्रवास करावा लागेल, ते आपल्याला एका सुट्टीत पाहता येते.

पहिल्याच लेखासाठी सगळे काही हाताने घडवण्याचा अट्टहास धरू नये. किट सहज मिळते, पण त्याचे भारतीय रूप क्वचितच कोणी बांधते, असा विषय सुरुवातीला उत्तम. सी हॉक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, आणि भारतीय नौदलाने ती १९८३ पर्यंत वापरली. तथापि येथे केवळ डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) बदलून भागत नाही. भारताने ब्रिटनबरोबरच पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडूनही सी हॉक घेतली होती, आणि जर्मन विमानांच्या शेपटीचा उभा पंख ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होता. म्हणून आधी एक विशिष्ट क्रमांकाचे विमान ठरवावे, त्याचे बाजूने घेतलेले छायाचित्र मिळवावे, शेपटीच्या उभ्या पंखाची उंची ताडून पाहावी आणि गरज असल्यास प्लास्टिक शीटने ती वाढवावी. नुसते ‘सी हॉक’ हा लेखाचा विषय होत नाही. उंच शेपटीचे भारतीय सी हॉक हा होतो, कारण वाचकाला किटच्या पत्रकात न मिळणारी गोष्ट त्यातून मिळते.

मारुतसाठी तयारी अधिक लागते. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेल्या या विमानाने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले. त्याची लांबी १५.८७ मीटर आणि पंखविस्तार ९ मीटर आहे, म्हणजे १:७२ प्रमाणात मॉडेल सुमारे २२ सेंटीमीटर लांब आणि १२.५ सेंटीमीटर रुंद होईल. हे गणित विषय पक्का करण्यापूर्वीच करावे. कोणत्याही आराखड्याची छापील प्रत या मापांशी जुळत नसेल, तर तिच्यावरून प्लास्टिक कापू नये.

संग्रहालयात छायाचित्रे घेता येतात का हे आधी विचारावे. परवानगी असल्यास समोरून, बाजूने आणि मागून सरळ छायाचित्रे घ्यावीत, आणि चाकांच्या खोबणी, बिजागऱ्या, पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) यांची वेगळी. आकारासाठी हा पुरावा उत्तम असला, तरी रंगासाठी त्यावर विसंबू नये, कारण उघड्यावर उभी असलेली विमाने आणि रणगाडे देखभालीत पुन्हा रंगवले जातात. रंगसंगती आणि चिन्हे सेवाकाळातील छायाचित्रांवरूनच ठरवावीत.

शेवटी नाक, कॉकपिट, चाकांच्या खोबणी, पंखांची घडी आणि शेपटी अशी यादी करून प्रत्येकासमोर मिळालेला पुरावा लिहावा. कॉकपिटची जागा रिकामी राहिली, तर छत बंद ठेवून काम निभावते. शेपटीची राहिली, तर दुसऱ्या क्रमांकाचे विमान निवडावे. मॉडेलचा कोणता भाग छायाचित्रावरून केला आणि कोणता अंदाजाने, हे लेखात त्या त्या ठिकाणी स्पष्टपणे नोंदवावे.