मराठी मथळ्यासाठी ‘टेको’ कसा वापरावा

मानुषी पारीख यांनी घडवलेला आणि इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘टेको’ हा देवनागरी व रोमन लिप्यांचा फॉन्ट मुळातच मथळ्यांसाठी आहे, आणि खुल्या परवान्यामुळे तो विनामूल्य वापरता येतो. त्याच्या रेषांची जाडी जवळजवळ सारखी असते, अंग अरुंद असते आणि ‘व’ किंवा ‘ठ’ यांचे पोट गोल न राहता चौकटीत बसवल्यासारखे दिसते. जत्रेतील कुस्त्यांच्या फलकाला ही ठेवण शोभते. लग्नपत्रिकेवर मात्र ती दरडावल्यासारखी वाटेल.

समजा, फलकावर ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ असे लिहायचे आहे. सगळाच मजकूर बोल्डमध्ये, म्हणजे सर्वांत जाड रेषेच्या प्रकारात, लावण्याचा मोह आवरावा, कारण ते वजन (रेषेच्या जाडीचा प्रकार) एकदोन शब्दांपुरतेच आहे: रेषा जाड होतात तशा अक्षरांच्या आतील मोकळ्या जागा मिटत जातात आणि ‘स्त्यां’सारखे जोडाक्षर दुरून गिचमिड दिसू लागते. म्हणून ‘जंगी मैदान’ बोल्डमध्ये ठेवावे आणि ‘कुस्त्यांचे’ हा शब्द त्याच्या वरच्या ओळीत, लहान आकारात, मीडियम या मध्यम जाडीच्या वजनात घ्यावा.

दोन्ही ओळी डावीकडून सुरू केल्या, तर ‘कु’चा उकार नेमका ‘जं’च्या अनुस्वारावर उतरतो. हे दोन्ही एकमेकांना चिकटणार नाहीत इतके अंतर ओळींमध्ये ठेवावे. त्यासाठी तयार आकड्यापेक्षा डोळ्यांवर विसंबावे. अक्षरांमधील अंतर मात्र वाढवू नये. रोमन मथळ्यात अक्षरे पसरलेली चालतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळ भरून काढायची असेल, तर आकारच वाढवावा.

तारीख, गाव आणि बक्षिसाच्या रकमा ‘टेको’मध्ये लावू नयेत, त्यांना ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट बरा, कारण त्याची सात वजने आहेत आणि लहान आकारातही तो वाचताना अडखळायला होत नाही. ‘टेको’चे लाइट, म्हणजे सर्वांत बारीक, वजन तर फार मोठ्या आकारातच जपून वापरावे.

छपाईला देण्यापूर्वी फलकाची एक प्रत साध्या कागदावर काढून भिंतीला लावावी आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. ‘स्त्यां’ पटकन वाचता येत नसेल, तर मीडियमऐवजी त्याहून बारीक रेग्युलर घ्यावे.