मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता आणि रक्तस्रावाचा धोका: या चुका टाळा

पोरगं पंचविशीतलं, मेंदूत रक्तस्राव झालेला आणि डिस्चार्ज कार्डवर कारण काय, तर 'हाय बीपी'. असं कार्ड हातात आलं की माझं डोकं फिरतं.

ब्रेन हॅमरेज झालं की जवळपास कुणाचंही बीपी चढतं. कॅज्युअल्टीत १८०/१०० भरलं म्हणून त्याला आधीपासून बीपी होतं असं ठरत नाही. जुन्या बीपीने होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा खोलवर असतो: बेसल गँग्लिया, थॅलॅमस, ब्रेनस्टेम, नाहीतर लहान मेंदू. माणूस तरुण, बीपीचा त्रास कधी नव्हता आणि रक्त मेंदूच्या पृष्ठभागालगत, असं असेल तर आधी एव्हीएमचा, म्हणजे धमन्या आणि शिरांच्या गुंत्याचा संशय घ्यायचा. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. धमनी थेट शिरेत उघडते आणि धमनीचा दाब झेलण्याइतकी शिरेची भिंत जाड नसते.

सातारा भागातला एक मुलगा आठवतो. किराणा दुकानात बिलं करायचा. पहिल्या रक्तस्रावानंतर सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी झाला होता, तोही लगेच, आणि रिपोर्ट 'नॉर्मल'. झालं, बीपीची गोळी देऊन घरी पाठवला. ताज्या गुठळीच्या दाबाखाली छोटा गुंता चेपून बसतो, त्यात डाय, म्हणजे रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध, भरतच नाही. म्हणून गुठळी विरल्यावर, काही आठवड्यांनी, डीएसए करायची असते, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे तो आला तो दुसऱ्या रक्तस्रावानंतर, बेशुद्ध. डीएसएत गुंता दिसला, लहानसाच, पण रक्त खोल शिरांत जात होतं. ऑपरेशन झालं, मुलगा चालायला लागला. उजव्या हाताने बिल लिहिणं मात्र जमेना. त्याचे मामा मला म्हणाले, "साहेब, पोरानं मीठसुद्धा सोडलं होतं हो."

तेव्हापासून पहिली अँजिओ नॉर्मल आली तरी पुढच्या अँजिओची तारीख मी स्वतः लाल पेनने कार्डावर लिहितो आणि नातेवाइकांकडून मोठ्याने वाचून घेतो. रेसिडेंट हसतात. हसू देत.

दुसरी चीड टक्क्यांची. 'वर्षाला २ टक्के धोका' ऐकलं की घरचे लगेच हिशेब करतात: म्हणजे ५० वर्षांत १०० टक्के! टक्के असे बेरजेने वाढत नाहीत. दरवर्षी न फुटण्याची शक्यता ९८ टक्के धरून ३० वर्षं गुणत गेलात तर कधीतरी फुटण्याचा धोका ४५ टक्क्यांच्या आसपास येतो, १० वर्षांचा १८. त्यामुळे 'फक्त २ टक्के' हे सत्तरीच्या आजोबांना सांगणं वेगळं आणि विशीतल्या मुलीला सांगणं वेगळं. घाईतले डॉक्टर दोघांनाही एकाच सुरात सांगतात.

बरं, ते २ टक्के तरी सगळ्यांचे कुठे सारखे असतात? कधीच न फुटलेल्या एव्हीएमचा धोका वर्षाला साधारण १ ते २ टक्के. एकदा फुटलेल्याचा ४-५ टक्क्यांच्या घरात, पहिल्या वर्षी त्याहून जास्त. गुंता खोल असेल, रक्त फक्त खोल शिरांतून वाहून जात असेल किंवा सोबत अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीला आलेला फुगा असेल, तर आणखी वर. नवे रेसिडेंट '१०५ वजा वय' हे सूत्र पाठ करून येतात आणि कुणालाही जन्मभराचा धोका सांगून मोकळे होतात. न फुटलेल्या एव्हीएमच्या माणसाला हे सूत्र उगाच घाबरवतं. मी आधी एकच विचारतो: आजवर रक्तस्राव झालाय का? मग फिल्म लावतो. आकडा त्यानंतर.

'अरुबा' या न फुटलेल्या एव्हीएमवरच्या अभ्यासाचं नाव ऐकून 'न फुटलेल्याला हात लावायचाच नाही' म्हणणारेही भेटतात. २०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात उपचार केलेल्या गटात पक्षाघात किंवा मृत्यू जवळपास ३१ टक्के, नुसती औषधं दिलेल्या गटात १० टक्के, हे खरं. पण पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचा. पन्नास वर्षं जगायचं असलेल्या माणसाचा निर्णय तेवढ्यावर कसा घ्यायचा?

कॅव्हर्नोमाला, म्हणजे पातळ भिंतीच्या, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्याला, एव्हीएमचे आकडे लावू नका. तो कमी दाबाचा असतो, डीएसएत दिसत नाही. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय सीक्वेन्स, म्हणजे रक्ताच्या जुन्या खुणा टिपणारी चित्रं, मागून घ्या. ब्रेनस्टेमबाहेरचा, कधीच न फुटलेला कॅव्हर्नोमा असेल तर पाच वर्षांत धोका ४ टक्क्यांच्या आसपास. ब्रेनस्टेममधला आणि फुटून गेलेला असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास. एकाच नावाच्या दोन रिपोर्टांत एवढा फरक.

रिपोर्टात 'डीव्हीए' लिहिलंय? सहसा काहीच करायचं नाही. ती वेगळ्या रचनेची, पण मेंदूचं रक्त वाहून नेणारी कामाची शीर आहे, तिला हात लावला तर नुकसान होतं.

'गॅमा नाइफ झाली, सुटलो' म्हणून पेढे वाटू नका. हा कवटी न उघडता गुंत्यावर किरणांचा मारा करण्याचा उपचार. एव्हीएम बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर धोका असतोच. बंद झाली की नाही ते शेवटी डीएसएच सांगते.

हृदयात स्टेंट बसवलेल्यांनी कॅव्हर्नोमाच्या भीतीने अ‍ॅस्पिरिन स्वतःहून थांबवू नये. ती घेणाऱ्या कॅव्हर्नोमाच्या पेशंटांत रक्तस्राव जास्त झाल्याचं दिसलेलं नाही. एव्हीएम असेल तर न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

या गुंत्यामुळे फिट येत असेल, तर फिटच्या गोळ्या 'सहा महिन्यांत फिट आली नाही' म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

अचानक, कधी नव्हे असं डोकं दुखून उलटी झाली, तर बाम आणि अ‍ॅसिडिटीची गोळी यांत वेळ घालवू नका. १०८ लावा आणि सीटी असलेल्या हॉस्पिटलातच न्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींचा फोटो टाकून 'सर, धोका किती?' असं विचारू नका. एमआरआयची सीडी आणा, पहिल्या रक्तस्रावाचा सीटी कपाटात असेल तर तोही आणा, आणि सोबत असा माणूस आणा ज्याने पहिली फिट किंवा पहिली डोकेदुखी डोळ्यांनी पाहिली आहे.