तात्यांचा फोन का वाजला नाही: ईजॅबरडीवर ग्रुपची नोटिफिकेशन लावताना

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात नदीवरून उपसलेलं पाणी उसाला पाळीनं मिळतं. रात्री थ्री फेज लाइट आली की मोटर सुरू होते, आणि ज्याची पाळी त्यानं दारं धरायला जायचं. हा निरोप सगळ्यांना एकदम जावा म्हणून मी पाणी संस्थेसाठी ईजॅबरडी हा एक्सएमपीपी सर्व्हर (म्हणजे मेसेज पोचवणारा आपल्याच ताब्यातला सर्व्हर) चालवते. पाळीच्या नोंदी संस्थेच्याच ताब्यात राहाव्यात असं सभेत ठरलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांची पाळी हुकली. ग्रुपवर रात्री १ वाजून ४० मिनिटांनी ‘लाइट आली, मोटर चालू’ असा मेसेज पडला होता. सकाळी मी विचारलं, “तात्या, मेसेज बघितला नाही का तुम्ही?”

“वाजलाच नाही गं. उशाशीच होता की फोन.”

फोन हातात घेऊन बघितला. झोपायच्या वेळी काकूंनी त्यांना एकट्याला पाठवलेला मेसेज वाजला होता. ग्रुपचा मात्र आलाच नव्हता. तुमच्याकडेही एकट्याचे मेसेज वाजत असतील आणि ग्रुपचे थोड्या वेळानं बंद पडत असतील, तर दुखणं हेच आहे.

एकट्याला पाठवलेला मेसेज त्या माणसाच्या खात्यावर येतो. फोन बंद असला तरी सर्व्हर तो ठेवून घेतो आणि फोनला हाक मारतो (या हाकेलाच पुश म्हणतात). ग्रुपचं तसं नाही. तिथे तुम्ही आत बसलेले असाल तरच मेसेज मिळतो. फोनचं कनेक्शन तुटलं की ईजॅबरडी मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद वाट बघतो, मग तुम्हाला ग्रुपमधून उठवतो. त्यानंतर पडलेला मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही, मग हाक कशाची मारणार? मी अंगणात उभी राहून दोन मिनिटांत टेस्ट उरकली होती. तेव्हा सगळं नीट वाजलं. पाच मिनिटं उलटायच्या आत केलेली टेस्ट काहीच सांगत नाही.

उपाय म्हणजे एसटीत रुमाल टाकून जागा धरतो तसं करायचं. ईजॅबरडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये, मॉड्यूल्सच्या (सर्व्हरला जोडायच्या सोयींच्या) यादीत, मॉड_स्ट्रीम_एमजीएमटी, मॉड_पुश आणि मॉड_पुश_कीपअलाइव्ह ही तिन्ही नावं हवीत (फाइलमध्ये रोमन अक्षरांतच लिहायची). पहिली दोन बहुतेक वेळा असतातच. जागा धरते ती तिसरी. ज्या फोननं पुश चालू केलं आहे, त्याची जागा ती पाच मिनिटांऐवजी ७२ तास राखून ठेवते. मुदत संपत आली की फोनला एकदा उठवते, म्हणजे ॲप पुन्हा जोडलं जातं. फाइलमध्ये टॅब वापरू नका, डावीकडची जागा स्पेसनंच सोडा. तेवढ्यावरून सर्व्हर फाइल वाचायला नकार देतो.

मॉड_पुशमध्ये मेसेजचा मजकूर पाठवायची सोय आहे, ती चालू करू नका. मूळ सेटिंगमध्ये फक्त ‘न्यू मेसेज’ एवढंच जातं, आणि खरा मजकूर ॲप आपल्या सर्व्हरवरून आणतं. गावाचं बोलणं तिसऱ्याच्या हातून जायचं कारण नाही.

ग्रुपला पर्सिस्टंट आणि मॅम ही दोन्ही सेटिंग द्या, आणि मॉड_मॅम हे मॉड्यूलही चालू ठेवा. पहिल्यानं सगळे बाहेर पडले तरी ग्रुप मोडत नाही. दुसऱ्यानं मेसेज साठून राहतात, उशिरा जागा झालेला फोन ते मागवून घेतो.

एवढं करूनही तात्यांचा आयफोन गप्पच होता. मुलानं पुण्याहून दिलेला जुना फोन, त्यावर मोनल हे एक्सएमपीपीचं ॲप. आयफोनवर ॲपला मागे राहून कनेक्शन धरता येत नाही, म्हणून सगळी भिस्त पुशवर. आणि पुश थेट ॲपलकडे जात नाही. आपला सर्व्हर ॲप बनवणाऱ्यांच्या सर्व्हरला सांगतो, तो ॲपलला, आणि ॲपल फोनला. पहिला टप्पा ५२६९ या पोर्टवरून होतो, आणि तो मीच मधल्या काळात फायरवॉलमध्ये बंद केला होता. सगळी माणसं आपल्याच सर्व्हरवर, मग बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं कशाला, असं वाटलं होतं. बाहेर जाणारं ५२६९ उघडलं आणि अंगणातच फोन वाजला.

अँड्रॉइडवर बहुतेकांकडे कॉन्व्हर्सेशन्स हे ॲप आहे. ते स्वतःचं कनेक्शन धरून ठेवतं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये त्याच्यावरचं बॅटरीचं बंधन काढावं लागतं. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा फोन असेल तर नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्याशिवाय ग्रुप उघडून ‘सगळ्या मेसेजना’ हा पर्याय निवडलाय का ते बघा. ‘नाव घेतलं तरच’ असं असेल तर ‘लाइट आली’ला फोन वाजणार नाही, कारण त्यात कुणाचं नावच नसतं. हे मी घरोघर जाऊन केलं. फोनवरून सांगून होत नाही.

आता खरी टेस्ट. फोन लॉक करून पंधरा मिनिटं बाजूला ठेवा, मग दुसऱ्या फोनवरून ग्रुपवर मेसेज टाका. वाजला तर जमलं. झोपताना पुन्हा एकदा, आणि पहाटे उठल्यावर एकदा टाकून बघा.

सर्व्हर रीस्टार्ट झाला की धरलेल्या सगळ्या जागा जातात, हे लक्षात ठेवा. मॉड_पुश_कीपअलाइव्हमधला वेक_ऑन_स्टार्ट हा पर्याय मुळात बंद असतो. आमच्यासारख्या लहान सर्व्हरवर तो चालू करावा, म्हणजे सुरू होताच सर्व्हर सगळ्या फोनना उठवतो. हजारो फोन असतील तर नको, एकदम फार भार येतो. आणि अपडेट करायचंच असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यात करू नका. मी आता दिवसाची लाइट असलेल्या आठवड्यात, सकाळी करते आणि जेवणापर्यंत ग्रुपवर कोण परत आलं नाही ते एकेक नाव बघून घेते.