स्वतःचा लोगो करायला बसण्याआधी हाताशी काय काय हवं

आपण डिझायनर क्लायंटचं काम तारखेला देतो आणि स्वतःचा लोगो मात्र वर्षानुवर्षं फायनल होत नाही, माझाही तीन वर्षं अर्धाच पडून होता, आणि त्याचं कारण आळस नव्हता, माझ्याकडे ब्रीफच (काम काय आणि कोणासाठी हे लिहिलेला कागद) नव्हता. म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि नव्या क्लायंटला जे प्रश्न विचारता तेच स्वतःला विचारून उत्तरं खरंच लिहून काढा. कुठलं काम हवंय, कुठलं आता परत करायचं नाहीये, पैसे देणारा माणूस कोण, पुण्यातला बिल्डर की पुस्तकं काढणारा छोटा प्रकाशक, कारण दोघांना दिसायला एकच गोष्ट चालणार नाही. खाली तारीख टाका, रिव्हिजन तीनच असं लिहा आणि तारखेला आठवण करून देणारा एक मित्र ठरवून ठेवा.

मग नाव पक्कं करा. पूर्ण नाव, नुसतं आडनाव की स्टुडिओचं वेगळं नाव, जे असेल ते, पण स्केच करण्याआधी डोमेन आणि इन्स्टाचं हँडल मिळतंय का बघा आणि आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क-पेटंट कार्यालयाच्या) साइटवर ट्रेडमार्क सर्च करा, तिथल्या वर्गवारीत डिझाइन सर्व्हिस क्लास ४२ मध्ये येते. रजिस्ट्रेशन आत्ताच करायला हवं असं नाही (एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे आणि रजिस्ट्रेशन १० वर्षं चालतं), पण नाव आधीच कोणाचं असेल तर ते आज कळलेलं बरं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. नाव मराठी असेल तर ते आधी देवनागरीत लिहून बघा, रोमन नंतर. बहुतेक जण इंग्रजी आद्याक्षरं गुंफून मोनोग्राम करतात आणि मग देवनागरी व्हर्जन म्हणून कुठलातरी फॉन्ट चिकटवतात, आणि ते लगेच दिसतं. नावात वेलांटी, रफार, उकार कुठे येतात ते मोजा, कारण वर-खाली तेवढी जागा लागणार आणि अक्षरांची मापं त्यावरून ठरणार, जोडाक्षर असेल तर तिथेच बहुतेक वेळा लोगोची गंमत सापडते. शिरोरेषा ठेवायची, तोडायची की काढूनच टाकायची हा निर्णय किमान वीस-पंचवीस स्केच केल्याशिवाय घेऊ नका. नावात ल किंवा श असेल तर फॉन्ट हिंदी वळणाचा आकार देतोय का तपासा, मराठीत पाकळीयुक्त ल आणि शेंडीयुक्त श, आपल्या नावात तरी आपलंच अक्षर हवं ना. बघायला कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींमधली अक्षरं आणि र. कृ. जोशी यांची कॅलिग्राफी समोर ठेवा, कॉपी करायला नाही, एकेका अक्षराचा स्वभाव किती बदलता येतो ते डोळ्यात बसावं म्हणून. बोरू किंवा कट निब आणि रद्दी पेपर जवळ असू द्या.

फॉन्टवरूनच सुरुवात करणार असाल तर लायसन्स वाचा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे ओपन लायसन्सचे आहेत, लोगोत वापरता येतात, पण बाकी कोणी पेन ड्राइव्हवर दिलेला फॉन्ट स्वतःच्या नावाला लावू नका, आपणच डिझायनर आहोत. आणि नुसता टाइप केलेला शब्द लोगो म्हणून ठेवू नका, आउटलाइन करून (टाइप केलेल्या अक्षरांचे आकार बनवून) अक्षरांमधली अंतरं हाताने नीट करा.

रंग सगळ्यात शेवटी, आधी पूर्ण काळ्यात. स्टेट बँकेची १९७१ पासूनची खूण एका रंगात, कुठल्याही साइजला ओळखू येते, तेवढं आपल्यालाही जमायला हवं. टेस्टची यादी भिंतीला लावा: १६ पिक्सेलचा फेव्हिकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह), व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत कोपरे कापले जातात का, रबरी शिक्का, काळ्यावर पांढरा, झेरॉक्सची झेरॉक्स. लहान साइजला मात्रा आणि शिरोरेषा मिळून काळा ठिपका होत असेल तर त्या साइजसाठी वेगळं, सोपं व्हर्जन काढावंच लागतं. कार्ड छापणार असाल तर प्रेसवाल्याला आधी विचारून घ्या, साधारण ३.५ बाय २ इंच आणि कडेने ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत), आणि स्क्रीनवरचा झगझगीत निळा तसाच छापून येईल ही अपेक्षा ठेवू नका.

फायनल झालं की त्याच दिवशी एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल), पीडीएफ, पारदर्शक पीएनजी एका फोल्डरमध्ये, नावं नीट देऊन, आणि कलर कोड, कमीत कमी साइज, आजूबाजूला किती जागा सोडायची हे एका पानावर लिहून ठेवा. मग पहिलं इन्व्हॉइस त्याच लोगोने पाठवा, पोर्टफोलिओ पूर्ण व्हायची वाट बघू नका.