ज्येष्ठेचा व्यास गच्चीवरून मोजायचा तर

गौरी जेवतात त्या दिवशी चंद्र ज्येष्ठा नक्षत्रात, म्हणजे ज्येष्ठा (अँटारेस) या ताऱ्यापाशी आणि जेमतेम अर्धा भरलेला असतो. पिधानाला, म्हणजे चंद्राआड तारा झाकला जाण्याला, याहून सोयीची तिथी नाही, कारण चंद्राची पुढची कड अंधारी असते. ज्येष्ठी पौर्णिमेलाही तो याच ताऱ्यापाशी असतो, पण त्या झगमगाटात हाती काही लागत नाही. ज्येष्ठेच्या पिधानांची सध्याची मालिका 2028 पर्यंत आहे. आपल्या गावातून कोणतं दिसेल ते 'ऑकल्ट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघा आणि वेळेबरोबर चंद्राच्या कडेचा वेगही टिपून ठेवा. तो साधारण सेकंदाला 0.3 ते 0.5 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) असतो. कड तिरपी लागली तर आणखी कमी.

सहा इंची दुर्बीण पुरते. पैसे कॅमेऱ्यात घाला. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, ताऱ्याभोवती कापलेली लहानशी चौकट, एक्स्पोजर 5 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला 200 फ्रेम. ऑटो-एक्स्पोजर बंद. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) इतकाच ठेवा की तारा सॅच्युरेट होणार नाही, म्हणजे पूर्ण पांढरा पडून त्याचं तेज मोजता येईनासं होणार नाही. मिनिटभर आधीच रेकॉर्डिंग सुरू करा.

मग दर फ्रेममधली ताऱ्याची तेजस्विता काढून आलेख मांडा. बिंदूसारखा तारा शतांश-दोन शतांश सेकंदात कोसळतो, तोही विवर्तनाच्या (कडेपाशी प्रकाश वळण्याच्या) लहरी उमटवत. ज्येष्ठा मात्र उतारावरून घसरत जाते. व्यास सुमारे 0.04 विकला, वेग 0.4 धरला तर दशांश सेकंद, म्हणजे चांगल्या वीस फ्रेम! लागलेल्या वेळाला वेगानं गुणा, झाला व्यास. रोहिणीचा याच्या निम्मा भरतो. त्याहून लहान ताऱ्यांचा उतार लहरींतच हरवतो. तिथे गणिती मॉडेल बसवावं लागतं. कडेवरच्या डोंगराच्या चढउतारानंही वेग बदलतो, म्हणून एकाच आलेखावर विसंबू नका.

ज्येष्ठेचा जोडीदार तारा तिच्या पश्चिमेला, जवळपास पावणेतीन विकलांवर आहे. झाकला जाताना तोच आधी जातो, पण मुख्य ताऱ्याच्या तेजात ती पायरी कळत नाही. त्यासाठी माघ वद्य अष्टमीच्या सुमारास पहाटे उठा. तेव्हा तारा अंधाऱ्या कडेतून बाहेर येतो, आधी जोडीदार एकटाच. 13 एप्रिल 1819 रोजी व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ योहान ब्युर्ग यांना तो असाच दिसला: आधी मंद ठिपका आणि पाचेक सेकंदांनी एकदम ज्येष्ठा.

त्या सेकंदांना वेगानं गुणलं की येणारं अंतर फक्त कडेच्या सरकण्याच्या दिशेतलं असतं. खरं अंतर हवं तर दुसऱ्या शहरातल्या मित्राकडून त्याच पहाटेचा आलेख मागवा. त्याच्याकडे कड वेगळ्या कोनात लागलेली असते. दोन्ही मापं आलेख-कागदावर मांडली की रेषा जिथे छेदतील तिथे जोडीदार.