शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाची पूर्वतयारी

पुण्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात; त्यामुळे वस्तीत मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करायचा असेल, तर तयारी एप्रिलमध्येच हाती घ्यावी. मुलांची नावे लिहून घेण्याची घाई करू नये. आधी वेळ ठरवावी. दुपारच्या सत्रातली मुले साडेपाच-सहाच्या सुमारास घरी येतात, धुण्याभांड्याच्या कामाला गेलेल्या आया अनेकदा त्याहून उशिरा परततात, आणि नळाला पाणी संध्याकाळी येत असेल तर ते भरण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीच्याच वाट्याला येते. म्हणून दहा-बारा घरी स्वतः जाऊन पाण्याची वेळ, आईची परतण्याची वेळ आणि धाकटे भावंड कोण सांभाळते, एवढे विचारून घ्यावे आणि मगच सहा की साडेसहा हे ठरवावे. ही चौकशी टाळली की वर्ग मुलांनी भरतो आणि मुली घरीच राहतात. भावंडाला कडेवर घेऊन येण्याची मुभा पहिल्या दिवसापासून द्यावी. त्याच्यासाठी कोपऱ्यात एक सतरंजी, पाटी आणि रंगीत खडू पुरतात.

जागेसाठी समाजमंदिर, मंडळाची खोली किंवा महापालिकेच्या शाळेतला वर्ग हे नेहमीचे पर्याय असतात. शाळेतल्या खोलीसाठी लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो, तेव्हा अर्ज आधी द्यावा आणि पोच जपून ठेवावी. मंडळाची खोली घेताना गणेशोत्सवाच्या महिन्यात ती आपली राहणार नाही, शिवाय त्याआधीचे कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव नेमका संध्याकाळीच चालतो, हे गृहीत धरावे. पालख्या मुक्कामी असताना पेठांतल्या शाळांमध्ये वारकरी उतरतात, तेही दिवस धरावेत. या काळासाठी दुसरी जागा, निदान एखादे पटांगण, आताच पाहून ठेवावे.

किल्लीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या पहिल्या वर्षी ती एकाच कार्यकर्त्याकडे होती. ते जत्रेसाठी गावी गेले आणि मुले कुलूप ओढून पाहून परत फिरली. दुसऱ्या दिवशी निम्मीच आली आणि उरलेल्यांना परत आणायला महिना गेला. तेव्हापासून दोन किल्ल्या करून दुसरी वस्तीतल्याच, महाविद्यालयात शिकणाऱ्या ताईकडे ठेवतो. हजेरीची वही, खाऊचा हिशेब आणि खेळाच्या सामानाची नोंद नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवावी. हिशेब चुकला तर त्यांच्याकडूनच तो पुन्हा मांडून घ्यावा. आपण परस्पर दुरुस्त करू नये. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांचा उत्साह परीक्षा आणि नोकऱ्या लागेपर्यंत टिकतो, हा माझा अनुभव आहे. वर्ग टिकतो तो वस्तीतल्या थोरल्या मुलांवर. याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. शिकणाऱ्याच्या दिवसाला जुळवून घेणारा वर्ग पुण्याला नवा नाही.

सुरक्षिततेची तयारी कागदावर हवी. प्रत्येक मुलामागे पालकांची लेखी संमती आणि दोन फोन क्रमांक घ्यावेत, स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद दाराआड बसणार नाही हा नियम अपवादाशिवाय पाळावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे, आणि असा अपराध घडल्याचे कळल्यास किंवा घडण्याची धास्ती वाटल्यास पोलिसांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणण्याची सवड कायदा देत नाही. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर भिंतीवर लिहावा.

शाळेतून आलेले मूल भुकेलेले असते, म्हणून आधी शेंगदाणे-गूळ किंवा केळे द्यावे, मग अर्धा तास खेळ आणि त्यानंतर गृहपाठ. हा क्रम उलटा केल्यास गृहपाठही होत नाही. देणग्या घेणार असाल तर त्या नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवरच घ्याव्यात. शिकवणी म्हणून जाहिरात मात्र करू नये, कारण मग पालक फक्त गुण मोजतात.

शेवटची तयारी परतीच्या वाटेची आहे. जून उजाडण्यापूर्वी एका संध्याकाळी थोरल्या मुलामुलींना घेऊन वर्गापासून प्रत्येक गल्लीच्या टोकापर्यंत चालून यावे, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे ते पाहावे, खांबावरचा क्रमांक टिपून घ्यावा आणि क्षेत्रीय कार्यालयाला द्यायचा तक्रार अर्ज त्यांनाच लिहू द्यावा. शुद्धलेखन आपण तपासावे. सही त्यांची असावी.