'चिरडीस आणू नका' : ग्रीक येत नसलं तरी त्या शब्दाचा अर्थ कसा काढायचा

आमच्या जालन्यात घरोघरी बायबल अभ्यास होतो, तिथं इफिसकरांस ६:४ (नव्या करारातलं, मूळ ग्रीकमधलं एक पत्र) निघालं की एक प्रश्न ठरलेलाच असतो. "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" म्हणजे मंग लेकरांना रागवायचंच नाही का? मलापण तेच वाटायचं. ग्रीक आपल्याला येत नाही पण शब्द कसा शोधायचा ते येतं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे मोबाईलवर स्ट्राँगचे नंबर असलेलं एखादं मोफत ॲप घ्या. हे नंबर म्हणजे मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला दिलेला क्रमांक, ते जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दकोशातले आहेत आणि ते इंग्रजी किंग जेम्स बायबलला जोडलेले असतात, म्हणून मराठी बायबल शेजारी उघडं ठेवा. वचनातल्या 'चिरडीस आणू नका'च्या जागी जो इंग्रजी शब्द आहे त्याच्यावर दाबलं की ३९४९ येतो, शब्द आहे पारोर्गिझो. त्यात 'ओर्गे' म्हणजे राग, हे लगेच दिसतं. पण इथंच थांबू नका, नुसता शब्द फोडून अर्थ लावायला गेलं की माणूस आपल्याच मनातलं त्यात घालतो.

खरं काम पुढं आहे, हा शब्द अजून कुठं कुठं आलाय ते बघायचं. नव्या करारात फक्त दोनदा, इथं आणि रोमकरांस १०:१९ मध्ये. रोमकरांसमध्ये ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकातलं ३२:२१ चं वचन घेतो, म्हणून तिकडं जा. जुन्या कराराचं जे जुनं ग्रीक भाषांतर आहे, सेप्टुआजिंट, त्यात हा शब्द भरपूर सापडतो, आणि बहुतेक वेळा लोकांनी मूर्ती करून करून देवाला संतापवलं अशा ठिकाणी. १ राजे १६:३३ मध्ये अहाब राजाबद्दल हाच शब्द आहे. ते सगळं वाचल्यावर मला कळलं की एकदा ओरडण्याची ही गोष्ट नाही, रोज रोज तेच करून समोरच्याला पेटवत राहण्याची आहे.

आता कलस्सैकरांस ३:२१ बघा. तिथंपण बापांनाच सांगितलंय पण शब्द वेगळा आहे, एरेथिझो, नंबर २०४२ (काही जुन्या हस्तलिखितांत तिथंपण पारोर्गिझो सापडतो). हाच एरेथिझो २ करिंथकरांस ९:२ मध्ये चांगल्या अर्थानं आलाय, तुमचा उत्साह बघून बाकीच्यांना हुरूप आला असा. म्हणून एका वचनातला अर्थ उचलून दुसऱ्यावर चिकटवायचा नाही. कलस्सैकरांसमध्ये कारणपण दिलंय, लेकरं खचू नयेत म्हणून, आणि ते वाचताना मी थांबलोच. माझा पोरगा लातूरला नीटच्या क्लासला होता, मी रोज रात्री फोन करून टेस्टमध्ये किती पडले, रूममधल्या दुसऱ्याला किती पडले एवढंच विचारायचो, आधी तो चिडून बोलायचा, मग नुसतं हं हं करायला लागला, मग फोनच उचलेना. मला वाटलं पोरगं सुधारलं, उलट बोलत नाही. ते सुधारणं नव्हतं, खचणं होतं.

शेवटी वचन पूर्ण वाचा, अर्ध्यात सोडू नका. ६:४ च्या पुढच्या भागात पायदेया आणि नूथेसिया हे दोन शब्द आहेत, शिस्त लावणं आणि समजावून सांगणं. म्हणजे रागवायचं का नाही ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच वचनात आहे, शिस्त सुटलेली नाही, शिस्तीच्या नावाखाली रोज टोचत राहणं मना केलंय.

वहीत तीन रकाने आखा, वचन, ग्रीक शब्द, कोण कोणाला चिडवतंय. हे जमलं की इब्री १०:२४ घ्या, तिथं पारोक्सिस्मोस आहे, एकमेकांना प्रीतीसाठी चेतवा असा, आणि तोच शब्द प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या भांडणाला वापरलाय. हे दोन्ही एकाच पानावर लिहा.